सेवेची सफर आणि आमचा आक्षेप

देवस्थानांच्या सूचनाफलकांवर जत्रेची, भजनी सप्ताहाची आणि अन्नसंतर्पणाची पत्रके वर्षानुवर्षे लागत आली आहेत. त्या पंक्तीत अलीकडे एक नवे पत्रक येऊन बसले आहे. आफ्रिकेचा बारा दिवसांचा प्रवास. त्यांपैकी पाच दिवस अनाथ बालकांची सेवा, पाच दिवस सिंह, हत्ती आणि जिराफ यांचे दर्शन, आणि उरलेले दोन दिवस जाण्यायेण्याचे. खर्च माणशी काही लाख. पत्रकाच्या शिरोभागी सेवेचे माहात्म्य सांगणारे वचन, आणि त्याखाली आफ्रिकन बालकाला कडेवर घेतलेल्या एका हसतमुख भारतीय तरुणीचे छायाचित्र.

अशाच एका मंडळीबरोबर आम्ही केनियाला जाऊन आलो. तेथे जे पाहिले, आणि त्या विषयावर जे वाचले, त्यावरून आमचे जे मत झाले ते आम्ही येथे आडपडदा न ठेवता मांडणार आहोत. माणसाने प्रवास करावा, रानातील पशू त्यांच्या रानात पाहावेत, परदेशातील दुःखितांना हात द्यावा, यांपैकी कशालाही आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो या तिन्हींची एक मोट बांधून तिला ‘सेवा’ हे नाव देण्याला. आणि ती मोट देवस्थानाच्या आवारात, देवाच्या नावाने विकली जावी, हे तर आम्हांस मुळीच मान्य नाही.

सेवा हा शब्द आपल्याला देवळाने शिकविला. पहाटे देवळाचे अंगण झाडणारा, नंदादीपात तेल घालणारा, पालखीला खांदा देणारा, जत्रेच्या दिवशी पंगतीत वाढणारा, हे आपले सेवेकरी. यांपैकी कोणीही आपल्या सोयीचा दिवस निवडीत नाही. देवाला जे लागते आणि जेव्हा लागते, ते तेव्हा करावयाचे, हा सेवेचा पहिला नियम. नंदादीपात एका दिवशी घागरभर तेल ओतून वर्षभर गैरहजर राहणाऱ्याला आपण सेवेकरी म्हणत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांची अट घातली आहे आणि परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेल्या दानास राजस ठरविले आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आता या मापाने पत्रकातली सेवा मोजून पाहावी. देश ठरतो तो जवळच सिंह आहेत म्हणून. काल ठरतो तो आपल्याकडे शाळांना सुटी आहे म्हणून. आणि पात्र कोण, याची चौकशी प्रवासास निघण्यापूर्वी कोणीही करीत नाही.

ती चौकशी आम्ही तेथे पोहोचल्यावर केली. नैरोबीपासून काही अंतरावरील ते बालगृह. त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. आमची गाडी फाटकातून आत शिरताच चाळीसएक मुले रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणू लागली. गाणे उत्तम बसविलेले होते. इतके उत्तम, की ते आठवड्यातून किती वेळा म्हणावे लागत असेल हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळींना वर्गाची एक भिंत रंगवावयास दिली. एका ठिकाणी पोपडा निघाला होता, तेथे निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा असे रंगाचे थर स्पष्ट दिसत होते. प्रत्येक थर एका पाहुण्या मंडळीची सेवा. ज्या गावात रंगाऱ्याला आणि गवंड्याला काम मिळत नाही, त्याच गावात आम्ही समुद्र ओलांडून आलेले हौशी लोक, जे घरी स्वतःची खिडकीही रंगवीत नाही, हाती कुंचले घेऊन उभे होतो, आणि गावचे दोन कारागीर फाटकाबाहेरून आमच्याकडे पाहत होते.

स्वयंपाकघरात एक वयस्क बाई होत्या. तिकडे अशा स्त्रीला आदराने ‘मामा’ म्हणतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ आई. त्यांना आम्ही विचारले, “मामा, यांतल्या किती मुलांना आईबाप नाहीत?” त्यांनी चुलीवरून नजर न काढता उत्तर दिले, “दोघांना. बाकीच्यांची आई आहे, नाहीतर आजी आहे. रविवारी पाहुणे नसले तर त्या भेटायला येतात.” “मग मुले येथे का?” “येथे शाळेची फी भरली जाते. घरी कोण भरणार?”

वाचकहो, त्या दोन वाक्यांत या सगळ्या व्यवहाराचे मर्म आहे. त्या मुलांना गरज होती ती शाळेच्या फीची. ती त्यांच्या आईच्या हाती दिली असती, तर मूल रात्री आईजवळ निजले असते. आमच्यापैकी एकाच्या विमानभाड्यात अशा अनेक मुलांची वर्षाची फी भागली असती. परंतु फी भरण्यासाठी कोणी विमानात बसत नाही. विमानात बसावयाचे तर कडेवर घेण्यासाठी मूल लागते, आणि ते अनाथ असावे लागते. म्हणून ज्याची आई चार कोसांवर जिवंत आहे अशा मुलाला अनाथ म्हणून उभे करावे लागते.

हा आमच्या एका भेटीतला योगायोग समजू नये. जगभरच्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांच्या आईबापांपैकी निदान एकजण हयात असतो, असे बालकांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था कित्येक वर्षे सांगत आहेत. नेपाळ, कंबोडिया, युगांडा, केनिया या देशांत परदेशी पाहुण्यांचा आणि त्यांच्या देणग्यांचा ओघ वाढला, तशी गरीब घरांतील मुले शिक्षणाच्या आमिषाने गोळा करून आणणारी बालगृहेही निघाली. ऑस्ट्रेलियाने २०१८ सालच्या आपल्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या विचारात या प्रकाराची दखल घेतली. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात, पर्यटनाच्या निमित्ताने अनाथालयांत चालणाऱ्या स्वयंसेवेपासून मुलांना होणाऱ्या अपायाचा स्पष्ट उल्लेख केला. खुद्द केनियाने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली, आणि २०२२ साली दहा वर्षांचे धोरण आखून संस्थांतील मुले कुटुंबांत परत नेण्याचे ठरविले. म्हणजे यजमान देश जे दार बंद करू पाहतो आहे, तेच दार आम्ही पुण्याच्या नावाने ढकलून उघडे ठेवीत आहोत.

यात मुलाचे नुकसान केवळ घर सुटण्यापुरते नाही. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, लहान मुलाला स्थिर आणि सततच्या मायेची किती गरज असते हे मांडले. त्याला आता सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. पाच दिवस एका ताईने कडेवर घ्यावे, सहाव्या दिवशी तिने डोळे पुशीत निघून जावे, आठव्या दिवशी दुसऱ्या ताईने यावे, असे वर्षभर चालले तर त्या मुलाच्या मनाचे काय होत असेल? निघताना आमच्या मंडळींच्या डोळ्यांत पाणी होते. ते खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. मुले मात्र रडत नव्हती. त्यांना सवय झाली होती. ती सवय पाहून आम्हांस जे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

आता पशूंकडे वळू. कारण पत्रकाचा दुसरा अर्धा भाग त्यांचा आहे, आणि तेथेही हाच ‘अनाथ’ शब्द भेटतो. केनियाचा नव्हे, दक्षिण आफ्रिकेचा हा प्रकार जगजाहीर आहे. त्या देशात आठ हजारांच्या आसपास सिंह कुंपणाआड पाळलेले आहेत. रानातील सिंहांच्या संख्येहून हा आकडा दुपटीपेक्षा अधिक भरतो. त्यांपैकी अनेक ठिकाणी जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत छावे आईपासून तोडले जातात. त्यामुळे सिंहीण लवकर पुन्हा गाभण राहते. ते छावे अनाथ आहेत, आईने त्यांना टाकले आहे, असे सांगून त्यांना बाटलीने दूध पाजण्यासाठी परदेशी स्वयंसेवक बोलाविले जातात आणि त्या सेवेबद्दल त्यांच्याकडूनच पैसे घेतले जातात. छावा थोडा मोठा झाला की त्याच्यासोबत पर्यटक फिरावयास जातात, तेही पैसे देऊन. पूर्ण वाढल्यावर त्यांपैकी कित्येकांना बंदिस्त आवारात सोडून श्रीमंत शिकाऱ्याच्या बंदुकीपुढे उभे केले जाते, आणि शेवटी त्यांची हाडे आग्नेय आशियाच्या बाजारात जातात. २०१७ साली तर त्या सरकारने आठशे सांगाडे निर्यात करण्यास परवानगी दिली होती. २०१५ साली ‘ब्लड लायन्स’ या अनुबोधपटाने हा सारा व्यवहार लोकांसमोर आणला, आणि २०२१ साली मंत्री बार्बरा क्रीसी यांनी बंदिस्त सिंहांचा हा धंदा बंद करण्याच्या दिशेने जाण्याचा निर्णय जाहीर केला.

ज्या स्वयंसेवकांनी ती बाटली धरली, त्यांच्या मनात दयाच होती. पण त्या दयेच्या पैशावर छाव्याचे पोषण झाले ते बंदुकीसाठी. मुलाची आणि छाव्याची ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हीकडे आई जिवंत आहे. दोन्हीकडे पाहुण्यासाठी तिला नाहीशी केली आहे. आमच्या आक्षेपाचे सार हे, की जी सेवा अनाथांवाचून चालत नाही, ती अनाथ निर्माण करू लागते.

मसाई मारा येथील रानात असला व्यापार नाही, तथापि पाहणाऱ्याची हाव तेथेही आपले काम करतेच. ते विस्तीर्ण गवताळ मैदान, त्यावर क्षितिजापर्यंत चरणारे नू आणि झेब्रे, आणि दूर एका टेकाडावर स्तब्ध उभी असलेली चित्त्याची मादी, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला सृष्टीकर्त्याविषयी वेगळे प्रवचन नको. परंतु ती मादी दिसल्याची वार्ता पसरली, आणि अर्ध्या घटकेत तिच्याभोवती आम्ही बावीस मोटारी मोजल्या. तिची शिकार हुकली. मारा येथील चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातील सरासरी दोनांहून अधिक पिल्ले वाढून मोठी होतात. वर्दळ जास्त असलेल्या भागात पाच वेतांमागे जेमतेम एक. म्हणजे ज्या पिल्लांना पाहण्यासाठी आपण समुद्र ओलांडतो, ती आपल्या पाहण्यानेच मरतात. तेथेही आमच्या मंडळींतील काहींनी चालकाला बक्षिसी देऊ करून गाडी आणखी पुढे घेण्याचा आग्रह धरला. चालक नाही म्हणाला. त्या दिवशी रानाची सेवा कोणी केली असेल तर त्या चालकाने.

यावर काही आक्षेप येतील. ते आम्ही ऐकले आहेत.

पहिला असा, की काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले काय वाईट? थोडे केलेले वाईट नव्हे. पण अपाय करणारे थोडे हे काहीच न करण्यापेक्षा वाईटच. वैद्यकी न शिकलेला मनुष्य पाच दिवस रोग्यांना औषध देऊ लागला तर त्याच्या सद्हेतूकडे पाहून आपण त्यास तसे करू देऊ काय?

दुसरा असा, की यामुळे आमच्या मुलांवर चांगले संस्कार होतात, त्यांना दुसऱ्याचे दारिद्र्य कळते. होतील, पण संस्कार आमच्या मुलांवर आणि त्याची किंमत तिकडच्या मुलांनी द्यावयाची, हा कोणता न्याय? शिवाय जो संस्कार होतो तो नीट तपासून पाहावा. आफ्रिका म्हणजे रडणारी मुले आणि धावणारे प्राणी, आणि आपण दोघांचेही दाते, एवढीच समजूत घेऊन आमचे तरुण परततात. ज्या देशातील वांगारी मथाई यांनी १९७७ साली हरितपट्टा चळवळ सुरू केली, खेड्यांतील स्त्रियांकडून कोट्यवधी झाडे लावून घेतली, जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्या स्त्रियांना अल्पसा मोबदला मिळण्याची व्यवस्था केली, आणि ज्यांना २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या बाईंचे नाव आमच्या मंडळींतील एकाही तरुणाला ठाऊक नव्हते. त्यांच्याच देशात, नावाची पाटी लावून एकेक रोप रोवण्याचा कार्यक्रम मात्र आम्ही यथासांग पार पाडला. पाण्याची व्यवस्था कोणाकडे आहे, हे कोणी विचारले नाही.

तिसरा आक्षेप असा, की परक्या देशात जाऊन खरी सेवा करणे मग अशक्यच म्हणावयाचे काय? मुळीच नाही, आणि याची साक्ष आमच्याच लोकांनी दिलेली आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधताना सुमारे बत्तीस हजार भारतीय मजूर तेथे नेले गेले आणि त्यांतील अडीच हजारांच्या आसपास मेले. त्याच सुमारास गोव्याचे डॉक्टर रोझेंदो आयरिश रिबेरो नैरोबीत आले. नैरोबी तेव्हा पत्र्याच्या छपरांचा एक तळ होता. ते माणसाळविलेल्या झेब्र्यावर बसून रोग्यांच्या घरी जात. त्यांचे ते छायाचित्र आज गंमत म्हणून दाखविले जाते. पण नैरोबीत प्लेगची साथ आली तेव्हा ती ओळखून अधिकाऱ्यांना सावध करणारे हेच गृहस्थ. वन्य पशू आणि सेवा यांची सांगड त्यांनीही घातली होती, असे कोणी विनोदाने म्हणेल. फरक इतकाच, की झेब्रा त्यांना रोग्याकडे नेत असे. आमच्या पत्रकातला रोगी आम्हांस झेब्र्याकडे नेतो.

औंधचे अप्पासाहेब पंत १९४८ साली भारताचे पूर्व आफ्रिकेतील पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. तिकडील भारतीयांनी केवळ आपल्या दुकानापुरते न पाहता आफ्रिकन जनतेच्या आकांक्षांशी नाते जोडावे, असे ते सांगत राहिले. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकावयास पाठविण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला आणि वसाहती सरकारचा रोष ओढवून घेतला. पियो गामा पिंटो हे तर नैरोबीतच जन्मलेले गोमंतकीय. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी १९५४ पासून वर्षानुवर्षे स्थानबद्धता भोगली, गोव्याच्या मुक्तीसाठीही खटपट केली, आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची गोळी घालून हत्या झाली. यांपैकी कोणीही परतीचे तिकीट खिशात ठेवून सेवेचे दिवस मोजले नाहीत. सर्वांना पिंटो होता येणार नाही, हे उघड आहे. पण निदान सेवा हा शब्द उच्चारताना ती उंची डोळ्यांसमोर असावी.

पशूंच्या बाबतीतही खरे काम कसे असते, हे नैरोबीतच पाहावयास मिळते. डेव्हिड शेल्ड्रिक यांच्या स्मरणार्थ १९७७ साली स्थापन झालेल्या संस्थेत खरोखरीच आई गमावलेली हत्तीची पिल्ले वाढविली जातात. काहींच्या आया हस्तिदंतासाठी मारल्या गेलेल्या, काही पिल्ले विहिरीत पडून कळपापासून तुटलेली. पाहुण्यांना सकाळी तासभर, दोरीच्या अलीकडे उभे राहून पाहता येते. बाटली धरण्याचा मान कोणालाही पैशाने मिळत नाही; ते काम तेथल्याच माहुतांचे, जे रात्रीही पिल्लांच्या शेजारी निजतात. आणि सर्व खटाटोपाचा शेवट काय? काही वर्षांनी तो हत्ती त्सावोच्या रानात परत जातो आणि स्वतःच्या बळावर जगू लागतो. ज्याची सेवा केली त्याला आपली गरज उरू नये, यात त्या माहुतांना धन्यता वाटते. या कसोटीला आमच्या पत्रकातले बालगृह उतरेल काय? तेथील मूल घरी परत गेले तर पुढच्या मंडळींसाठी गाणे कोण म्हणणार?

आता करावयाचे काय, तेही सांगतो. ज्यांना आफ्रिकेचे रान पाहावयाचे आहे त्यांनी प्रवासी म्हणून उजळ माथ्याने जावे, पाहावे, आनंद घ्यावा. माऱ्याच्या आसपास मसाई लोकांनी आपल्या जमिनी वन्य पशूंसाठी राखून त्यांचे भाडे घेण्याची पद्धत या शतकाच्या आरंभापासून रुजविली आहे. १९५९ साली ज्यांच्या जातभाईंना पशूंच्या रक्षणासाठी सेरेनगेटीतून बाहेर काढले गेले, त्यांच्या हाती असा पैसा पडणे हे भिक्षेपेक्षा शतपटीने चांगले. ज्यांना मदत करावयाची आहे त्यांनी मुलाला आईजवळ ठेवणाऱ्या कामास वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता पैसे द्यावेत. ज्यांच्या अंगी खरे कौशल्य आहे, शल्यविशारद असो वा परिचारिकांची शिक्षिका, त्यांनी तेथील लोकांनी बोलाविल्यावर, त्यांच्या हाताखाली, पुरेसा काळ जावे. आणि घराजवळही पाहावे. आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला आहे. तरी वाढदिवसाचे जेवण बालगृहात वाढून तेथल्या मुलांसोबत छायाचित्रे काढण्याची हौस आपल्या गावोगावी आहेच.

देवस्थानांच्या महाजनांना आणि विश्वस्तांना आमची विनंती आहे की असे पत्रक फलकावर लावू देण्यापूर्वी त्यांनी आयोजकांना चार प्रश्न विचारावेत. या बालगृहातील किती मुलांचे आईबाप हयात आहेत? गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली? आमचे लोक जे काम करणार ते गावातल्या माणसाकडून मजुरी देऊन का करवून घेत नाही? आणि माणशी घेतलेल्या पैशांपैकी त्या मुलाच्या घरी किती पोहोचतात? उत्तरे लेखी मागावीत. ती मिळाली नाहीत तर पत्रक परत करावे आणि ती जागा मोकळी ठेवावी. मामा म्हणाल्या त्याप्रमाणे, पाहुणे नसले की रविवारी आया भेटावयास येतात. आपण न गेल्याने तेवढे एक पुण्य आपल्या हातून निश्चित घडेल.